रिकाम्या रॉडपाशी थांबलेल्या मॅडमना

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

काल लॅबचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ५.६ टक्के. गेल्या दिवाळीच्या सुमाराला ती ६.३ होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि मी त्या उंबरठ्यावरून मागे आले आहे. घरात सगळ्यांना सांगून झालं, पुण्याला लेकीला फोन झाला, पण रात्री डोळा लागेना. तुम्हाला अजून नीट काही बोललेच नव्हते. समोर बोलायला गेलं की तुम्ही ‘काकू, आधी पाणी प्या’ म्हणता आणि पुढच्या बाईकडे वळता. म्हणून लिहिते आहे, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

तुमच्या जिममध्ये यायच्या आधी मी कुठे कुठे जाऊन आले, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज सांगते. एका डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न उचलता ‘वजन कमी करा’ म्हटलं आणि पुढचा नंबर पुकारला. गुडघा दुखतो हे सांगायचं राहूनच गेलं. मग एक मोठी, चकचकीत जिम. वर्षाची फी आधी घेतली. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला. माझा फोटो न विचारता काढला, ‘आधी’चा म्हणून. मग २० सेकंद जीव तोडून उड्या, १० सेकंद थांबायचं, पुन्हा उड्या. गुडघा धरून बसले तर माझ्याकडे पाहून हसणारी मुलं होती. हा प्रकार ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या जपानी संशोधक इझुमी तबाता यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तरुण, खेळात मुरलेल्या मुलांवर केलेला होता, हे मला पुढे तुमच्याकडून कळलं. पन्नाशीला टेकलेल्या, दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला पहिल्या दिवशी तो देणाऱ्या माणसाला ते ठाऊक असायला हवं होतं. त्याचा पगार त्यासाठीच होता. आहाराचा कागद दिला त्यात ओट्स, ब्रोकोली आणि त्यांच्याच काउंटरवर मिळणारी पावडर. भाकरी बंद, भात बंद. वजन उतरलं, हातापायांतली ताकदही उतरली, आणि दोन सणांत वजन तेवढं परत आलं.

मला राग आहे त्या सगळ्याचा. अजून आहे.

आता तुमच्याकडचा पहिला आठवडा. संध्याकाळची वेळ, रॉड ठेवायच्या रॅकपाशी कॉलेजची मुलं रांगेत. तुमचा स्वतःचा व्यायाम चालू होता, रॉडवर दोन्ही बाजूंना प्लेट्स होत्या. मी लांब भिंतीशी उभी होते. मुलं आटोपली की बघू, असा विचार होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काही न बोलता एकेक प्लेट काढून खाली ठेवलीत. २० किलोचा रॉडही बाजूला केलात आणि आतून हलका, १० किलोचा आणलात. मला दहा बैठका काढायला लावल्यात. मग तोच रॉड स्वतःच्या खांद्यावर घेऊन तुम्हीही दहाच काढल्यात, तितक्याच सावकाश. पुन्हा मी, पुन्हा तुम्ही. एका मुलाने ‘मॅडम, रॅक मोकळा होईल का’ विचारलं तेव्हा वळूनही न बघता म्हणालात, “आमचे अजून दोन सेट आहेत.”

मॅडम, त्या दिवशी घरी आल्यावर मी मोरीचं दार लावून रडले. तुमचा त्या दिवसाचा व्यायाम बुडाला होता. ते तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. वयाने तुम्ही माझ्या पुतणीएवढ्या. माझ्या शेजारी उभं राहून माझ्याएवढंच ओझं उचलायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? ज्यांनी शिकवलं त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

दुसरी गोष्ट. ‘तुम्ही लहानपणी काय खेळायचात?’ हा प्रश्न इतक्या वर्षांत मला फक्त तुम्ही विचारलात. मी कबड्डी खेळायचे. डाव्या कोपऱ्यावर उभी राहायचे, चढाईवाल्या पोरीचा घोटा एकदा हातात आला की सुटायचा नाही. हे ऐकून तुमचा चेहरा असा फुलला की मला पुन्हा मैदानावर गेल्यासारखं झालं. त्यानंतर आपल्या ‘चार भिंती’ टेकडीच्या चढावर तुम्ही माझे इंटरव्हल्स लावलेत ते कबड्डीच्या भाषेत. आताच्या नियमाने चढाई ३० सेकंदांची. तेवढा वेळ चढावर झपाझपा चालायचं, मग श्वास जागेवर येईपर्यंत हळूहळू खाली. उड्या नाहीत, गुडघ्यावर आपटणं नाही. खालून ‘चढाई!’ अशी तुमची हाक आली की पाय आपोआप उचलायचे. अजिंक्यतारा किल्ला सकाळी चढणाऱ्या लोकांत मीही आता असते. हृदयाचा ठोका वर न्यायचा, खाली आणायचा, पुन्हा न्यायचा, यात हृदय कसं तयार होतं हे तुम्ही मला शाळेत शिकवावं तसं समजावलंत.

आणि वजनं का? पाळी थांबताना इस्ट्रोजेन घटतं, हाडं भराभर विरळ होऊ लागतात, आणि हाडाला भार मिळाला तर ते टिकून राहायला मदत होते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त स्नायूच उचलतात, म्हणून स्नायू राखायचे. दोन वाक्यांत सांगितलंत. ही दोन वाक्यं मला याआधी कोणीच का सांगू नयेत? घरात भरलेला सिलिंडर येतो तो साधारण ३० किलोचा. परवा दारापासून ओट्यापर्यंत तो मी एकटीने नेला. सासूबाई बघत राहिल्या.

जेवणाचं तर काय सांगू. तुम्ही कागद दिलाच नाहीत. ‘रोज काय शिजतं?’ एवढंच विचारलंत. भाकरी राहिली, दोनाची दीड झाली. उसळ चमच्यावरून वाटीवर आली. हुलगे, मटकी, अख्खा मसूर, सगळं घरातच होतं. किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं असा आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, रोजचा हिशोब तुम्ही मांडून दाखवलात. माझ्या ७२ किलोंना दिवसाला ६० ग्रॅम लागत होती आणि पोटात जात होती निम्मी. सकाळी दोन अंडी आली, म्हणजे १२ ग्रॅम. दुपारी दही आलं. रविवारचं मटण तुम्ही बंद केलं नाहीत, रस्सा वरून भरपूर घ्यायची सवय तेवढी कमी केलीत. सणाला कंदी पेढा खाल्ला तर तुमच्यापासून लपवावा लागत नाही. घरातलं कोणी वेगळं जेवत नाही, मीही नाही.

चांगली माणसं अजून आहेत, मॅडम. म्हातारी सीटवर टेकेपर्यंत घंटी न मारणारा एसटीचा कंडक्टर असतो. तपासायला पडदा नसेल तर स्वतः आडवी उभी राहणारी नर्स असते. त्यांना कोणी बक्षीस देत नाही, त्यांचा फोटो कुठे लागत नाही, आणि ज्यांचे फोटो चौकाचौकांत लागतात त्यांच्यापेक्षा हे गाव या लोकांमुळे राहण्याजोगं आहे. तुम्ही त्यांतल्या आहात. तुमच्या जिमला एसी नाही, आरसा एका बाजूने तडकलेला आहे, आणि मी तिथे ताठ मानेने आत येते.

सोमवारी माझ्या नणंदेला घेऊन येते आहे. तिला बीपी आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची नावं बरोबर आणेन. फार लाजते, कोपऱ्यात उभी राहील. तिच्या पहिल्या दिवशी रॉडखाली तिच्याबरोबर मी उभी राहते, तुम्ही तुमचा व्यायाम पूर्ण करा.

तुमची,
सकाळच्या बॅचमधली काकू
सातारा