दुकानातलं अँटिव्हायरस घेऊ नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, कॉम्प्युटरच्या दुकानदाराने दिलेल्या कोटेशनचा तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. तीन वर्षांचं अँटिव्हायरस, ते टाकून द्यायचे पैसे वेगळे, आणि वर 'विंडोज 10 बंद झालं, आता हे घेतल्याशिवाय बँकेचं काम करू नका' असा दम. विंडोजबद्दल तो म्हणतो ते बरंचसं खरं आहे. पुढचं त्याच्या गल्ल्याचं. पैसे देऊ नका.

झालंय असं की, 14 ऑक्टोबर 2025 पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. कॉम्प्युटर चालायचा थांबत नाही, पण विंडोजमध्येच एखादं भगदाड सापडलं तर ते आता आपोआप बुजवलं जाणार नाही. अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा राखणदार. आलेला चोर तो ओळखेल, भिंत लिंपायला बसणार नाही. आणि राखणदार आपल्याकडे आहेच. विंडोजबरोबर डिफेंडर फुकट येतो, त्याला चोरांच्या नव्या याद्या ऑक्टोबर 2028 पर्यंत पुरवू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. म्हणजे आहे तेच दुकानदार पुन्हा विकतोय आणि नाही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

भिंतीचं काम असं करायचं. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' उघडा, तिथे 'विंडोज अपडेट'. त्या पानावर 'एनरोल नाऊ' असं दिसेल. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचे सुरक्षा अपडेट एक पैसा न देता मिळतात. विंडोज 11 आपल्या मशीनवर रीतसर चढणार नाही. त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, आपला सहाव्या पिढीचा. दुकानदार 'करून देतो' म्हणाला तरी नको. अँटिव्हायरसचे पैसे नव्या मशीनसाठी बाजूला टाका.

आता आई, तुझं. उजव्या कोपऱ्यात खाली 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले' असं लाल लाल येतं, टण्ण वाजतं, आणि तू फोनवर म्हणालीस, 'काय व्हयनं ते समजत नही.' काही व्हयनं नाही. अहिराणी गाणी शोधताना कुठल्या तरी साइटने 'अलाऊ' विचारलं आणि ते दाबलं गेलं. तेव्हापासून ती साइट क्रोममधून तुला जाहिराती पाठवतेय, बाकी काही नाही. त्यावर क्लिक मात्र करू नकोस. क्रोमच्या वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. अनोळखी नाव दिसलं की काढून टाक, आणि त्याच पानावर 'कोणत्याही साइटला विचारू देऊ नका' अशा अर्थाचा पर्याय आहे तो निवड. माझ्या मते दुकानदाराकडे मशीन नेण्याची वेळ या एका गोष्टीमुळे आली. त्याला हे दोन मिनिटांत काढता आलं असतं, पण मग कोटेशन कशाचं देणार?

काकांचा पिंट्या फुकटातलं अव्हास्ट टाकून देतो म्हणतोय, त्यालाही नको सांगा. लोक कुठल्या साइट बघतात याची माहिती या कंपनीने विकली म्हणून 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. घरात राखणदार असताना असला दुसरा कशाला? बाबा, तुमचा ओढा क्विक हीलकडे आहे, पुण्याची, मराठी माणसाची कंपनी म्हणून. ती विकत घेण्यात वावगं काही नाही, पण ती टाकली की डिफेंडर आपोआप मागे सरतो. संरक्षण दुप्पट होत नाही. आणि वर्षाची मुदत संपली की नूतनीकरणाच्या पाट्या सुरू होतात, त्या बघून आई पुन्हा घाबरणार.

खरी धास्ती मला वेगळीच आहे. आजोबांनी आपल्या अमळनेरच्या तेलाच्या कारखान्याचे म्हणून घेतलेले विप्रोचे शेअर पुढे कॉम्प्युटर कंपनीचे झाले, आणि आता ते बघायलाही कॉम्प्युटरच लागतो. अमळनेरात कुणाकुणाकडे ते शेअर आहेत हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, तसं ते भामट्यांनाही असणार. 'डीमॅटचं केवायसी राहिलंय, एनीडेस्क टाका, मी इथूनच करून देतो' असा फोन आला की ठेवून द्या. एनीडेस्क म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायचा प्रोग्रॅम. भामटा तुमच्याच हाताने आत येतो, त्यामुळे अँटिव्हायरस त्याला सहसा हटकत नाही. एनीडेस्क हे प्रोग्रॅम म्हणून सरळच आहे, इंजिनिअर लोक रोज वापरतात. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, मग बँकेला, मला शेवटी. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

संक्रांतीला येते तेव्हा बाहेरची एक हार्ड डिस्क आणते. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ, बाबांच्या पेन्शनचे कागद त्यात भरू आणि डिस्क काढून कपाटात ठेवू. लावलेलीच ठेवली तर खंडणीवाला व्हायरस तिच्यातलंही कुलूपबंद करतो. रोजच्या वापराचं खातंही 'स्टँडर्ड' करून देईन, म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम इन्स्टॉल व्हायच्या आधी पासवर्ड विचारला जाईल. तो पासवर्ड आईकडे राहील, पिंट्याकडे नाही.

भरिताची वांगी मी येईपर्यंत संपवू नका. बामणोदची मिळाली तर बघा.

तुमची,
मनू