घर बघायला जाणारी माणसं हवी आहेत

नमस्कार मंडळी,

वॉशिंग्टन परिसरात रंग बघून घर नाकारलं जातं का, हे तपासणाऱ्या इथल्या एका संस्थेला आपलं मंडळ यंदा हात देणार आहे. त्यासाठी माणसं हवीत, आणि पैसेही.

काम असं. पगार, नोकरी, कुटुंब सगळं सारखंच सांगणाऱ्या दोन व्यक्ती, एक गोरी आणि एक कृष्णवर्णीय किंवा आपल्यातली, एकाच इमारतीत थोड्या वेळाच्या अंतराने घर बघायला जातात. परतल्यावर लगेच फॉर्म भरायचा: किती वाजता पोचलो, किती घरं दाखवली, अनामत किती सांगितली, बसा म्हणाले का. दोघांनी आपसात अवाक्षर बोलायचं नाही. कोणी अपमान करत नाही हो, सगळे गोडच बोलतात. फरक कळतो तो दोन फॉर्म शेजारी ठेवल्यावर. २०१२ साली सरकारने २८ महानगरांत अशा आठ हजारांवर चाचण्या करवल्या. घर विकत घेऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा १७ टक्के कमी घरं सांगितली गेली, आशियाईंना १५.५ टक्के कमी. त्या दुसऱ्या आकड्यात आपणही येतो.

रॉबर्ट वीव्हर याच शहरात १९०७ साली जन्मले. हार्वर्डमधून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय, साल १९३४. त्या काळी खरेदीखतातच कलम असे की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही. १९४८च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या वस्त्या आपोआप वसत नाहीत. दलाल, कर्ज देणारे, असले करार आणि सरकारी धोरण मिळून त्या वसवतात. १९६६ साली ते देशाचे पहिले गृहनिर्माण मंत्री झाले, १९६८ला भेदभावबंदीचा कायदा आला, आणि पद सुटल्यावर ते पुन्हा अध्यापनाकडे वळले. त्या कायद्यात वंश आणि रंगाबरोबर ‘मूळ देश’ही आहे, म्हणून तो आपल्यालाही लागू पडतो.

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना मिळणारी वागणूक अशीच तपासली. ‘आडनाव काय तुमचं?’ हा प्रश्न तिकडे घर शोधताना ज्यांना झोंबला आहे, त्यांनी तरी या कामाला यावंच.

बारा जण हवेत. महिन्यातून एक शनिवार, आधी एक दिवस प्रशिक्षण. ज्यांना वेळ नाही त्यांनी घरटी २५ डॉलर द्यावेत. त्यातून स्वयंसेवकांचा प्रवासखर्च आणि मुलं सांभाळणाऱ्यांचं मानधन भागेल. रविवारी मराठी शाळा सुटल्यावर दाराशी टेबल मांडलेलं असेल, तिथे नाव द्या.