गिटारचा पिकअप फेकू नका, वाइंडिंग होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंपाची मोटर जळाली की आपल्या सांगलीत कोणी लगेच नवी घेत नाही, वाइंडिंगवाल्याकडं टाकतो आणि मोकळा होतो. पण इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप बंद पडला की पोरांना सरळ सांगतात टाकून दे, नवीन घे. मला हे पटत नाही म्हणून लिहितोय.

पिकअप म्हणजे काय, तर लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेढे, वर गिटारची स्टीलची तार हलली की त्यात करंट तयार होतो, बास. माझ्या गिटारचा मधला पिकअप बंद पडला, मल्टिमीटर लावला तर रीडिंगच नाही, चांगला असता तर 6 किलोओहमच्या आसपास दाखवला असता. अशावेळी आधी बाहेरचं टोक बघा, तिथं सोल्डरजवळ तुटलेलं असलं तर एका टाक्यात काम होतं. माझी तार आतच हिरवी पडलेली, घामानं.

मग घरीच गुंडाळायचं ठरवलं. सगळीकडं 42 गेज (तारेच्या जाडीचा नंबर) लिहिलेलं, म्हणून दुकानातून 42 नंबर आणली तर तीनेक हजार वेढ्यांतच बॉबिन भरला आणि रीडिंग जेमतेम 900 ओहम! दोन संध्याकाळी गेल्या. नंतर कळलं की ते 42 अमेरिकन गेज, म्हणजे 0.063 मिलिमीटर, आणि दुकानात मिळालेली एसडब्ल्यूजी म्हणजे ब्रिटिश गेजची, त्यातली 42 भरते 0.1 मिलिमीटर. त्या हिशोबात मागायची ती 46 नंबर.

ही तार इतकी बारीक की ट्यूबलाइटखाली धरली तरच दिसते. शिलाई मशीनच्या मोटरवर बॉबिन बसवला, तार दोन बोटांत फेल्टच्या तुकड्यातून सोडत गेलो, जरा दाबली की तुटते आणि सैल सोडली तर कॉइल फुगते. मोजायला जुना कॅल्क्युलेटर, बरोबरच्या बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जोडला, प्रत्येक फेऱ्याला एक आकडा वाढतो. 7,600 वेढे झाले. मग पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून त्यात बुडवला, म्हणजे आवाज वाढवला तरी शिट्टी मारत नाही. रीडिंग 5.8 किलोओहम, गिटार वाजली!

शेजारच्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, वाद्याची कदर आपल्या भागाला आहेच. माझी एवढीच विनंती आहे की वाइंडिंगवाल्यांनी 46 नंबरचं एक रीळ दुकानात ठेवावं आणि आयटीआयच्या सरांनी पोरांना मोटरसोबत एकदा पिकअपही उघडून दाखवावा.

आपला वाचक,
विश्रामबाग, सांगली