चि. दादूस: ओढ्याच्या वाटेनं येऊ नकोस

चि. दादू यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं 'हो आण्णा, हो आण्णा' करतोस आणि शेवटी मनाला येईल तेच करतोस, म्हणून लिहून पाठवतोय. निवांत वाच. शनिवारी दुपारी पुण्यात ऑफिस सुटलं की मोटारसायकल काढायची, कराडवरून कडेगाव-विटा करत यायचं आणि विट्याच्या पुढं मोठा रस्ता सोडून ओढ्यातल्या फरशीवरून, म्हणजे त्या बुटक्या पुलावरून आत शिरायचं, म्हणजे मामाच्या घरी मामेबहिणीच्या हळदीला वेळेत पोचतो, असा तुझा बेत आईनं मला सांगितला. किलोमीटर तू बरोबर मोजलेस. घड्याळ बघायचं राहिलं. दोनला निघालास तर त्या फरशीवर तू सहा-साडेसहाला येणार, आणि वळवाची तीच वेळ.

या आठवड्यात पारा चाळिशीच्या वर आहे. सकाळी आभाळात टिपूस नाही, अकरापासून चटके. दुपारी वारं पडतं, अंग चिकचिकतं आणि चारच्या सुमाराला पश्चिमेकडं ढग उभे राहायला लागतात. समुद्राकडचं दमट वारं आणि इथली तापलेली हवा यांची गाठ पडली की ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. तिथं पाण्याचं बर्फ होतं, म्हणून गारा. हवामान खात्यानं शनिवार-रविवार दोन्ही दिवस ऑरेंज अलर्ट दिलाय. तू म्हणशील, अलर्ट रोजच येतात आणि आपल्या दारात थेंब पडत नाही. खरं आहे. वळीव जूनच्या पावसासारखा तालुकाभर पसरत नाही. एका शिवारात तासाभरात ओतून मोकळा होतो आणि शेजारच्या गावात धुरळासुद्धा बसत नाही. घोळ इथंच होतो. ओढ्याला पाणी येतं ते ओतलेल्या शिवाराचं, तू उभा आहेस तिथलं नाही.

तू सांगलीत शिकलास. त्यामुळं तुझ्या डोक्यात पूर म्हणजे कृष्णेचा. कृष्णा सांगून येते. कोयनेतून किती क्युसेक सोडले ते आधी कळतं, आयर्विन पुलाजवळ फूट मोजतात, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि तासातासाला आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हासुद्धा ते दिवसादिवसानं चढलं होतं. माणसं तरी अडकली, पण पाणी येतंय हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. ओढ्याला कुठली पट्टी आणि कुठला इशारा? खानापूरच्या पठाराकडचे माळ मुरमाड, वर झाडोरा नाही, जमीन उन्हानं दगड झालेली. धो धो पडलेलं पाणी मुरायला थांबत नाही, थेट खाली धावतं. अग्रणी काय, येरळा काय, उन्हाळ्यात पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. तेच पात्र संध्याकाळी भरून वाहताना मी बघितलंय. आणि हे काही फक्त आपल्या दुष्काळी भागाचं दुखणं नाही. तुझ्या पुण्यातला आंबील ओढा आठव. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला पाऊस कोसळला आणि खाली सहकारनगर, अरण्येश्वरकडं घरांत पाणी शिरलं, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. तोवर तो ओढा लोकांना गटार वाटत होता.

गेल्या वर्षी अक्षय तृतीयेनंतर मी आणि तुझा काका टेंपो घेऊन त्याच फरशीशी आलो होतो. मागं बेदाण्याचे क्रेट. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन, फक्त विट्याच्या अंगाला आभाळ काळंनिळं. आधी ओल्या मातीचा वास आला. मग वरच्या वळणाकडून खडी ओतल्यासारखा आवाज. काकानं टेंपो बंद केला तोवर पाणी दिसलंसुद्धा: पुढं फेसाची भिंत, तिच्यात वाळक्या बाभळी, ठिबकच्या नळ्या, कुणाचं तरी चप्पल. फरशी बघता बघता दिसेनाशी झाली. पलीकडं एक पोरगा मोटारसायकलवर बसूनच एक पाय पाण्यात घालून खोली चाचपत होता. गुडघाभर दिसत होतं, त्याला वाटलं निघेल. शेळ्या हाकणारी एक म्हातारी त्याच्यावर अशी काही खेकसली, 'मागं फीर मुडद्या!', की तो निमूट वळला. पाणी उतरल्यावर आम्ही बघितलं तर त्या बाजूची फरशीची कड हातभर तुटून गेली होती. गढूळ पाण्यात ते कुणाला दिसणार?

वाहत्या पाण्याची ताकद डोळ्यांना कळत नाही. अर्धा फूट जोराचं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं, फूटभर पाणी लहान कार ढकलतं, दोन फुटांत जीपसुद्धा तरंगायला लागते. तुझी दीडशे किलोची गाडी त्यात कुठं बसते ते तूच बघ. वर परत अंधार पडत आलेला, आणि लाइट गेलेली असणार, ती कधी नव्हे ते वेळेवर जाते.

आता विजेचं. पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि थांबल्यावरही वीज पडते, ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांबसुद्धा. चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडलं की आडोसा बघायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. गाडीचे टायर रबराचे म्हणून काही होत नाही, असं तू मागं म्हणाला होतास. ते डोक्यातून काढ. पक्कं घर किंवा बंद काचांची कार, एवढंच चालतं. झाडाखाली नाही, आणि द्राक्षबागेत तर मुळीच नाही. मंडपाचे लोखंडी अँगल आणि त्यावरच्या तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेल्या, एकीकडं पडली तर दुसरीकडं झटका. आपल्या बेदाणा शेडचंही तेच, वर छप्पर असलं तरी चारी बाजू उघड्या. ढग गरजला की मी मजुरांना तिथून उठवून घरात आणतो, माल भिजला तर भिजू दे. 'दामिनी' ॲप घेऊन ठेव, तुझ्या पुण्यातल्या पाषाणच्या हवामान संस्थेनंच केलंय, आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरमधली वीज दाखवतं. माझ्याकडं आहे. तुझी आई त्याला 'घाबरवायचं यंत्र' म्हणते.

मामाचं वेगळंच चाललंय. रविवारी गोरज मुहूर्त, अंगणात लोखंडी खांबांचा मांडव, शेजारी जनरेटर. मी म्हटलं, शाळेच्या हॉलमध्ये घ्या, अक्षता कुठंही पडतात. तर म्हणतो, 'दाजी, पत्रिका वाटून झाल्यात, आणि पाहुणे काय म्हणतील?' पाहुणे भिजले तर काय म्हणतील हे त्यानं विचारात घेतलेलं नाही. शेवटी जेवणावळी तरी शाळेत करायला कबूल झालाय. तू आलास की लग्नाचंही बोल, भाच्याचं तो ऐकतो.

तर शनिवारची सुट्टी टाक. साहेब कुरकुरला तर बहिणीचं लग्न आहे म्हण, मामेबहीण हे सांगायची गरज नाही. पहाटेची स्वारगेटची एस.टी. धर, दुपारच्या आत विट्यात उतरशील, मी जीप घेऊन येतो आणि मोठ्या रस्त्यानंच आणतो. मोटारसायकल तिथंच राहू दे. आणि एवढं सांगूनही हट्टानं तीच काढलीस, तर चारनंतर जिथं असशील तिथं थांब, कराड असो की कडेगाव. लॉजचे पैसे मी देतो. हळद तुझ्यावाचून अडणार नाही, फार तर बहीण चार दिवस रुसेल. वाटेत कुणी अडकलेलं दिसलं तर स्वतः पाण्यात उतरू नकोस, १०७७ ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला फोन लाव.

इकडं बेदाण्याचा शेवटचा लॉट अजून रॅकवर आहे. भिजला की दाणा काळा पडतो आणि सौद्यात कुणी विचारत नाही. ताडपत्र्या बांधल्यात, पण परवाच्या वाऱ्यात एकीच्या कड्या फाटल्या. शुक्रवारी संध्याकाळी बोहरी आळीत जाऊन जाड नायलॉनची दोरी घेऊन ये, पन्नास मीटर तरी. पिवळी नको, ती उन्हात चिरते. निळी मिळाली तर बघ, आणि भाव करून घे.

तुझे
आण्णा