आमच्या गॅलरीला शिस्त लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

कापूस वेचणी सोडून दर्यापूर तालुक्यातून बास्केटबॉलचा सामना पाहायला क्रूझर भरून येणारी माणसं तुमच्या टीममधल्या आमच्या पोरीकडून पॉइंटच मागणार, हे तुम्ही धरूनच चालला होता. त्यामुळे आमच्यावर न चिडता तुम्ही हातात पेन आणि रकाने आखलेला कागद ठेवला. त्याबद्दल गावाच्या वतीनं मनापासून आभार.

त्या तक्त्यात पॉइंटचा रकानाच नाही. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास), स्टील (समोरच्याचा बॉल हिसकावणं), बॉक्स-आउट (रिबाउंडसाठी समोरच्याला अंगानं मागं अडवणं), टर्नओव्हर (आपला बॉल गमावणं), आणि शेवटी: मोकळी असताना शॉट घेतला की पास देऊन टाळला? खरी मेख या शेवटच्या रकान्यात आहे. शॉट चुकला तरी तिला अडवणाऱ्या समोरच्या गार्डला तिच्या अंगावर यावंच लागतं. ती शॉट घेतच नाही हे एकदा कळलं, की तो गार्ड तिला सोडून आत बास्केटजवळच्या आपल्या पोरीला दोघांनी मिळून घेरायला (डबल टीमला) जातो आणि आपल्या चौघींना पाच जणींशी खेळावं लागतं.

हिशेबही तुम्ही मांडून दाखवलात. 6.75 मीटरच्या तीन पॉइंटवाल्या रेषेबाहेरून 35 टक्के शॉट बास्केटमध्ये टाकणारी पोरगी चांगलीच म्हणायची. तरी सामन्यात दहा शॉट घेतले, तर साधारण चारातल्या एका सामन्यात तिचे दोन किंवा त्याहून कमीच पडणार. शंभर शॉट होईस्तोवर ‘फॉर्म गेला’ म्हणायचं नाही, हे आता पारावरही ठरलंय.

‘टाक ना वं!’ ओरडल्यानं काय बिघडतं, तेही कळलं. घाईत गुडघे वाकत नाहीत, सगळा जोर हातावर येतो आणि बॉल सपाट जातो. रिंग 45 सेंटीमीटरची. बॉल 30 अंशात उतरला तर त्याला वाट मिळते साडेबावीसची, आणि मुलींचा 6 नंबरचा बॉलच जवळपास 23 चा! 45 अंशात आला तर तीच वाट 32 च्या आसपास होते. फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला) पंचांनी बॉल दिल्यावर 5 सेकंदच असतात. तेवढं गप्प राहणं बुढ्यांनाही जमायला लागलंय (शिट्टीवाले एक सोडून).

व्हॉट्सॲपवर चुकलेल्या शॉटची क्लिप टाकणं बंद आहे. रात्रीच्या फोनवर घरचे ‘किती टाकले?’ विचारत नाहीत, ‘जेवली का?’ विचारतात.

पुढच्या फेरीला दोन गाड्या येतील. तक्त्याची एक कोरी प्रत पाठवा, झेरॉक्स आम्ही काढतो.

आपले,
समस्त गावकरी