रात्रीचा तो निर्णय रक्ताच्या तपासणीवर घेऊ द्या : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आंबाकाढणी सुरू झाली की सिंधुदुर्गातल्या ग्रामीण रुग्णालयांत झाडावरून पडलेली माणसं येऊ लागतात. पावसाळ्यात घाटात बाइक घसरलेले येतात. माडावरून पडलेले तर बारमाही. त्यातले बरेच जण शुद्धीवर असतात, नाव-गाव नीट सांगतात. डोकं ठणकतंय, जरा गरगरतंय, एवढीच तक्रार. रात्रपाळीच्या डॉक्टरने काय करावं? ठेवून घेतलं आणि डोक्यात आत रक्त साकळत गेलं तर पहाटे धावाधाव. स्कॅनसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवलं आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला तर मजुराचे दोन दिवस बुडाले, आणि तेवढा वेळ 108 ची गाडी तालुक्याबाहेर.

मेंदूला इजा झाली की तिथली काही प्रथिनं रक्तात उतरतात. जीएफएपी हे मेंदूतल्या आधारपेशींचं, यूसीएच-एल1 हे चेतापेशींचं. दुसरं लवकर वाढतं आणि लवकर ओसरतं, पहिलं सावकाश चढतं, म्हणून दोन्ही मोजायची. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) 2018 मध्ये सौम्य इजेसाठी या तपासणीला परवानगी दिली. त्यामागच्या अभ्यासात 1,959 रुग्ण होते. तपासणी निगेटिव्ह आलेल्यांपैकी सुमारे 99.6 टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये इजा दिसली नाही. तेव्हा रक्तातला द्रव भाग वेगळा करावा लागे. रात्री लॅब टेक्निशियन कुठून आणायचा? 2024 मध्ये मात्र शिरेतलं रक्त थेट वापरून, खाटेशेजारी 15 मिनिटांत निकाल देणाऱ्या यंत्राला मान्यता मिळाली. मार लागल्यापासून 24 तासांपर्यंत ते चालतं. आमच्यासाठी खरा फरक पडला तो इथे.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांचा स्कॅन स्वच्छच निघतो. म्हणजे कुणाला पाठवायची गरज नाही, एवढंच ही तपासणी खात्रीने सांगते. वारंवार उलट्या, वाढती गुंगी, फिट, डोळ्यांच्या बाहुल्यांत फरक दिसला तर तपासणीची वाट न पाहता पेशंट हलवायचा. हा नियम यंत्र आलं म्हणून सैल होता कामा नये.

पेशंटची बायको दारात उभी राहून विचारते, "परत माडार चढतलो मा तो?" त्या घराची चूल त्या उत्तरावर अवलंबून असते. पहिल्या दिवशीच्या या प्रथिनांवरून सहा महिन्यांत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व येईल का, याचा चांगला अंदाज येतो, असं 2022 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून पुढे आलं. सौम्य इजेचा माणूस पूर्ण बरा होईल का, हे मात्र त्यावरून नीट कळत नाही. तेव्हा तिला खोटा दिलासाही नको आणि उगाच भीतीही नको.

माझी मागणी सरसकट खरेदीची नाही. किनाऱ्यावरची काही ग्रामीण रुग्णालयं निवडा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे देखरेख द्या. पहिलं वर्षभर तपासणी झालेल्या प्रत्येकाचा स्कॅनही करा, म्हणजे आपल्या माणसांवरचे आकडे हाती येतील; स्कॅनचा आणि जाण्यायेण्याचा खर्च शासनाने उचलावा. सहा महिन्यांनी आशाताईंनी घरी जाऊन माणूस कामावर परतला का, याची नोंद घ्यावी, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा. काढणीचा हंगाम मार्चपासून जोर धरतो. त्याआधी आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सिंधुदुर्ग