सांगलीच्या जुन्या पेठेला सरकारी मदत हवी, पण ती कोणाला? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

सादर नमस्कार.

सांगलीच्या जुन्या बाजारपेठेतील मोडकळीस आलेले वाडे आणि चाळी उतरवून तिथे नव्या इमारती उभ्या राहाव्यात व त्यासाठी शासनाने प्रीमियममाफी (जादा बांधकामाच्या परवानगीसाठी भरायचे शुल्क माफ करणे), वाढीव चटईक्षेत्र (भूखंडावर करता येणारे एकूण बांधकाम) किंवा थेट अनुदान या रूपाने काही भार उचलावा, अशी मागणी इथे अधूनमधून होत असते. मागणी गैर नाही. गणपती पेठ, कापड पेठ, मारुती रोड, हरभट रोड आणि गावभाग हा पट्टा आजही जिल्ह्याच्या व्यापाराचा गाभा आहे आणि तिथल्या कितीतरी इमारती महापालिकेने धोकादायक ठरवलेल्या असूनही वापरात आहेत. सरकारी पैसा लागेल, हे मला मान्य आहे. मात्र तो बांधकाम व्यावसायिकाला सवलत म्हणून दिला, तर या पेठेपर्यंत पोहोचणारच नाही, हे आपल्या नजरेस आणून देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता असून जागामालकांचे नकाशे काढतो आणि बांधकाम व्यावसायिकांचेही काढतो. त्यामुळे अनुदान कोणाच्याही पदरात पडले तरी माझे काही बिघडत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

प्रथम बांधकाम व्यावसायिकांची बाजू मांडतो, कारण ती मंत्रालयात मांडली जाते तेव्हा बहुधा नफ्यातोट्याच्या आकड्यांपलीकडे जात नाही. पेठेतली जागा म्हणजे वीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल अशी पट्टी असते. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची सामाईक भिंत असते आणि ती बहुतेक वेळा मातीची असते. वाडा उतरवताना शेजारच्या भिंतीला धिरे लावावे लागतात, दिवसा गाडी आत येत नाही म्हणून खडी, वाळू आणि सळई रात्री उतरवावी लागते आणि काम सुरू झाल्यावर एखाद्या सहहिस्सेदाराने मनाई हुकूम आणला तर कर्जाचे व्याज चालूच राहते. बांधकाम सुरू असलेल्या, परवडणाऱ्या श्रेणीबाहेरच्या घरांच्या विक्रीवर १ एप्रिल २०१९ पासून वस्तू व सेवा कराचा दर पाच टक्के झाला खरा, पण सिमेंट आणि लोखंडावर भरलेल्या कराची वजावट त्याबरोबर गेली. तेवढाच पैसा विश्रामबागेच्या मोकळ्या भूखंडात घातला तर निम्म्या डोकेदुखीत तो मोकळा होतो. तेव्हा पेठेत यायचे असेल तर आम्हाला काहीतरी द्या, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही.

पण प्रीमियममाफीने नेमके काय होते ते पाहावे. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत चटईक्षेत्राची मर्यादा रस्त्याच्या रुंदीला बांधलेली आहे. रस्ता रुंद तेवढे चटईक्षेत्र जास्त आणि प्रीमियम भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या भूखंडाचा हस्तांतरणीय विकास हक्क) विकत घेऊन वर चढण्याची मुभाही जास्त. गावभागातल्या बोळात उभ्या असलेल्या वाड्याला वाढीव चटईक्षेत्र कागदावर मिळाले तरी ते वापरायला जागा उरत नाही. चौक, जिना, लिफ्ट आणि अग्निशमनासाठी सोडायची जागा वजा केली की हिशेब मूळपदावर येतो. म्हणजे जो प्रीमियम भरण्याची वेळच येत नाही, तो माफ करून उपयोग काय? माफीचा लाभ घेतो तो शंभर फुटी रोडला लागून असलेला भूखंड, जिथे इमारत एरवीही उभी राहिलीच असती.

याचा अनुभव आपण घेतलेला आहे. कोविडनंतर राज्य शासनाने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात तीन टक्के आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के सूट दिली. शिवाय जानेवारी २०२१ मध्ये बांधकाम प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणले, बदल्यात ग्राहकाचे मुद्रांक शुल्क विकासकाने भरावे अशी अट घातली. मंदीत अडकलेली घरे विकली जावीत हा त्यामागचा हेतू असेल तर तो वेगळा विषय आहे. पण त्या सवलतीची खूण सांगलीच्या जुन्या पेठेत शोधू गेल्यास दमछाक होईल. उलट सवलत जाहीर झाली की जागामालक आपला दर वाढवून सांगतो, हा इथल्या व्यवहारातला नेहमीचा अनुभव आहे. माफ झालेला पैसा बांधकामात न उतरता जमिनीच्या किमतीत मुरतो. आणि तो पैसा येतो कुठून? प्रीमियमचा वाटा महापालिकेलाही मिळतो, आणि गटारे व रस्ते तिला त्यातूनच करायचे असतात.

दुसरी अडचण मालकीची आहे आणि तिला चटईक्षेत्राचे औषध लागू पडत नाही. पेठेतल्या एखाद्या सिटी सर्व्हेचा उतारा काढला तर आजोबांच्या नावाखाली दहा-बारा वारसांची नावे निघतात, त्यातले निम्मे पुण्यात किंवा परदेशात, एकाची वारसनोंदच झालेली नाही आणि एका नावापुढे कधीकाळच्या गहाणाचा बोजा तसाच. समोर चार गाळे, मागे दोन कुटुंबे, सगळे जुने भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू झाल्यापासून भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करता येते. २००० साली शंभर रुपये असलेले भाडे चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी पावणेतीनशेच्या आत राहते. त्यात छपराची कौलेसुद्धा बदलून होत नाहीत. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही आणि इमारत आपल्या पायाने खाली येण्याची दोघेही वाट पाहतात. महापालिका महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवते आणि आपली जबाबदारी संपली असे मानते. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. सांगलीच्या भाडेकरूच्या वाट्याला ती नोटीस येते.

इथे भाडेकरूला अडवणूक करणारा म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. नव्या इमारतीत जागा देऊ असे त्याला तोंडी सांगितले जाते. नकाशात त्याचा गाळा कुठे आहे, किती फुटांचा आहे आणि काम रखडले तर दरम्यानचे भाडे कोण देणार, हे कागदावर कोणी लिहून देत नाही. ज्याची सगळी पत समोरच्या बारा फुटांच्या दर्शनी भागावर उभी आहे, त्याने तो सोडू नये हेच शहाणपणाचे.

आता पुराकडे वळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ मध्येही पेठेत पाणी शिरले. पाटबंधारे खात्याने आखलेली निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि तांबडी म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. नियमावली सांगते की निळ्या पूररेषेच्या आत नवे बांधकाम नको आणि निळ्या व तांबड्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोते तांबड्या रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवे. निळ्या रेषेच्या आत असलेल्या जुन्या अधिकृत मिळकतीचा पुनर्विकास करायचा झाला तरी जोत्याची अट तीच. अट योग्यच आहे, ती शिथिल करावी असे मी मुळीच म्हणणार नाही. पण ती एका दुकानाला लावून पाहू. समजा, रस्त्यापासून तांबडी रेषा आठ फुटांवर येते. मग जोते साडेनऊ फुटांवर जाते आणि सहा इंचांची पायरी धरली तर दुकानात शिरायला १९ पायऱ्या चढाव्या लागतात. वीस फूट रुंदीच्या जागेत तो जिना दर्शनी भागाचा मोठा हिस्सा खातो, खाली जे उरते त्याला वाहनतळ म्हणायचे, आणि त्यात चार दुचाकी वळवताना तारांबळ उडते. हळदीचा किंवा मसाल्याचा गिऱ्हाईक वर चढेल का? पाठीवर पोते घेतलेला हमाल चढेल का? कापड दुकानदार कदाचित निभावून नेईल. किराणा-भुसाराचा व्यापारी नकाशा पाहूनच उठतो.

म्हणजे पेठेत ज्या एका मजल्याला खरी किंमत आहे, तो तळमजला पुराच्या नियमाने जातो आणि वरच्या मजल्यावरची घरे वाहनतळ व उजेडाअभावी रेंगाळतात. ही तूट प्रीमियममाफीने भरून निघणारी नाही. ती भरायची तर सार्वजनिक पैसा सार्वजनिक बांधणीत घालावा लागेल: सलग दहा-पंधरा दुकानांना उंचावर जोडणारा एकच फरसबंद पदपथ, त्याला दोन्ही टोकांना उतार, हमालांसाठी माल चढवण्याची एक लिफ्ट आणि रस्त्याच्या पातळीवर सर्वांचा मिळून वाहनतळ. असे काम एकटा मालक करू शकत नाही आणि विकासक करणार नाही, कारण शेजाऱ्याच्या दुकानासमोरचा पदपथ त्याला विकता येत नाही.

आणि जे वाडे उतरवायची गरज नाही, त्यांचे काय? काळ्या दगडाचे जोते पुरात टिकते, त्यावरची मातीची भिंत भिजून बसते. खालच्या सहा-आठ फुटांची भिंत भाजक्या विटेत किंवा दगडात घ्यायची, वीजमीटर आणि तारांची जोडणी वर न्यायची, पोटमाळा लोखंडी करून माल चढवण्याची सोय करायची, एवढ्यावर कितीतरी इमारती आणखी एक पिढी काढतील. २०२१ च्या पुरानंतर शासनाने दुकानदारांना ५० हजार आणि टपरीधारकांना १० हजार रुपयांची मदत जाहीर केली होती. ती हवीच होती. तथापि दर पुरानंतर वाटायच्या पैशातला काही भाग पुराआधी या कामांना दिला, तर तो एकदाच द्यावा लागेल.

एक गोष्ट थोडी कडू आहे. जुन्या पेठेतून वर्दळ कमी झाली ती केवळ वाडे जुने झाल्यामुळे नाही. जिल्हाधिकारी कार्यालय विजयनगरला गेले, न्यायालय गेले. त्यांच्यामागे वकील, मुद्रांक विक्रेते, झेरॉक्सवाले आणि कामासाठी तालुक्यांतून येणारी माणसेही गेली. पूर पाहता कार्यालये हलवण्याला कारण होते. पण शासनाने शहराचा मध्य मिरज रस्त्याकडे सरकवला, त्या बाजूच्या जमिनींना भाव आला, आणि त्याला कोणी अनुदान म्हटले नाही. शामरावनगरसारख्या सखल भागात गुंठेवारीने (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे विकून) वस्ती होऊ दिली आणि नंतर तिथले पाणी काढायला सरकारी पैसा लागला, तेव्हाही नाही. पेठेचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना तिजोरीची काळजी वाटू लागते.

तरीही जतच्या किंवा आटपाडीच्या शेतकऱ्याने विचारावे की मारुती रोडवरच्या दुकानदारासाठी आम्ही का भरायचे, तर तो प्रश्न टाळता येणार नाही. माझे उत्तर असे आहे की म्हैसाळ योजनेतून कृष्णेचे पाणी उपसून पूर्व भागाला दिले जाते तेव्हा पश्चिमेच्या करदात्याने कुरकुर केली नाही. पण त्या योजनेत कालवा कुठे गेला ते दिसते. पेठेच्या मदतीतही तसे दिसायला हवे. खाजगी इमारतीच्या चौथ्या मजल्यासाठी जत-आटपाडीच्या शेतकऱ्याने एक रुपयाही देऊ नये, पदपथ, वाहनतळ आणि पुरापासून बचाव यासाठी द्यावा.

म्हणून माझी विनंती अशी आहे. सवलत द्यायचीच असेल तर ती माफी म्हणून न देता महापालिकेच्या अंदाजपत्रकात खर्चाच्या बाजूला लिहावी, कोणत्या भूखंडाला किती रक्कम सोडली ते संकेतस्थळावर दाखवावे आणि पैसा भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर, भाडेकरूला त्याचा गाळा नोंदणीकृत करारासह ताब्यात दिल्याचे पाहूनच द्यावा. वारसनोंदी, मोजणी आणि भाडेकरूंची यादी यांसाठी भूमी अभिलेख, महापालिका आणि विधी सेवा प्राधिकरण यांचे शिबिर पेठेतच बसवावे. या कामाला पैसा थोडा लागतो आणि बांधकामाची निम्मी अडचण तिथेच अडकलेली आहे. राजवाडा परिसरात शासनाच्या ज्या जागा कार्यालये गेल्यामुळे मोकळ्या झाल्या आहेत, त्या कोणत्याही विकासकाला व्यापारी संकुलासाठी देण्याआधी तिथे पेठेचा सामाईक वाहनतळ आणि नागरिकांच्या रोजच्या कामाची एक-दोन कार्यालये वरच्या मजल्यांवर होऊ शकतात का, ते नगररचना विभागाकडून तपासून घ्यावे. प्रत्येक वाड्याकडून स्वतंत्र वाहनतळ मागण्याचा आग्रह त्यानंतर सोडता येईल.

उंच पदपथाचा प्रयोग सगळ्या पेठेत एकदम करू नये. मारुती रोडची एक बाजू, तिथल्या दुकानदारांची लेखी संमती आणि महापालिकेचा नकाशा एवढ्यावर सुरुवात व्हावी. तो नकाशा मंत्रालयात मंजूर होण्याआधी सांगलीत, दुकाने बंद असतात त्या वारी, सुनावणीसाठी ठेवावा आणि तांबडी रेषा प्रत्येक दुकानाच्या दारावर किती फुटांवर येते ते त्यावर लिहिलेले असावे.

कळावे,

आपला विश्वासू,
गावभाग, सांगली येथील एक स्थापत्य अभियंता